कोथिंबीर, मुक्काम पोस्ट गच्ची

भाजीच्या पिशवीत कोथिंबीर सगळ्यात शेवटी येते आणि सगळ्यात वर बसते. खाली कांदे-बटाटे, त्यावर दुधी, फ्लॉवर, मग टोमॅटो, आणि पिशवीच्या तोंडातून डोकं बाहेर काढून ही. ती तागडीत बसत नाही. हंगामात तिला वेगळी किंमतही लागत नाही; दोन-तीन भाज्या घेतल्या की भाजीवाल्या मावशी न मागता चार काड्या वर टाकतात. स्वयंपाकातही तसंच. पोहे असोत, आमटी असो, भरीत असो की तांबडा रस्सा, ती येते गॅस बंद झाल्यावर. पाककृतीत तिचं नाव शेवटच्या ओळीत असतं. आणि तरी ती घरात नसली की साध्या पोह्यांसाठीसुद्धा कुणीतरी चपला घालून कोपऱ्यावर जाऊन येतं.

विदर्भात ती सांबार या नावाने राहते. तिथे तिचा मान वेगळा. सांबारवडीच्या पुडात ती मूठमूठ भरली जाते, पुडाबाहेर तिचा हिरवा रंग दिसत नाही, पण खाणारा तिच्यासाठीच खात असतो. आपल्या कोथिंबीरवडीतही ती अशीच मुख्य. या दोन पदार्थांत तिला स्वतःच्या नावावर पान वाढलेलं असतं. बाकी सगळीकडे ती दुसऱ्याच्या ताटावर.

बाजारात मात्र तिच्याइतकी बेभरवशाची कोणी नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या बाजार समितीत तिचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव बोलला जातो. तिथून ती रातोरात मुंबईच्या वाटेला लागते, कारण दुसऱ्या दिवसाची उसंत तिच्याकडे नसते. पावसाने वाफे धुऊन नेले की एका जुडीला शंभराच्या वर भाव जातो. आवक वाढली की तोच भाव असा कोसळतो, की काढणीची मजुरीही सुटत नाही. मग शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतात, नाहीतर बाजारात आणलेला माल तिथेच ओतून रिकाम्या गाडीने घरी जातात. या दोन्ही बातम्या कधीकधी एकाच वर्षात वाचायला मिळतात. कांद्याला चाळ आहे, बटाट्याला शीतगृह आहे. कोथिंबिरीला थांबायला जागाच नाही. ती आजची असते. तिच्या सगळ्या स्वभावाचं मूळ या घाईत आहे, हे मला तिला गच्चीवर आणल्यानंतर कळलं.

पुण्यातल्या आमच्या इमारतीची गच्ची मोठी आहे आणि सोसायटीने एका कडेला कुंड्या ठेवायची परवानगी दिली आहे. घरी भाजी पिकवायची म्हटल्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगतो: आधी पालेभाज्या लावा, त्या सोप्या. बियाणं स्वस्त, महिन्याभरात भाजी हातात, काही बिघडलं तर नुकसान दहा रुपयांचं. नुकसानीचा हिशेब खरा आहे. सोपेपणाचा मला मान्य नाही. मिरचीच्या झाडाची अर्धी पानं अळीने खाल्ली, तरी ते झाड पुन्हा पालवतं आणि मिरच्या देतं. टोमॅटो चार दिवस पाण्यावाचून मान टाकतो आणि पाणी मिळालं की पुन्हा उभा राहतो. फळभाजीजवळ वेळ असतो, लाकूड धरलेलं खोड असतं. पालेभाजीचं पान हेच तिचं पीक. त्या पानाला जे जे लागतं, ऊन, ढग, जास्तीचं पाणी, विसरलेलं पाणी, अळीचा चावा, ते सगळं सरळ जेवणाच्या ताटापर्यंत येतं. लपवायला तिच्याकडे काही नाही.

सगळ्या पालेभाज्या सारख्या अवघड नाहीत, हेही सांगायला हवं. मेथी मोकळ्या मनाची आहे. तिचे दाणे भिजवून टाकले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला भेगा पडतात. लाल माठाचं बी खसखशीसारखं बारीक, काळं, चकचकीत; ते वाळूत मिसळून फेकावं लागतं, पण एकदा उगवलं की उन्हाला घाबरत नाही. आपल्या बाजारातला देशी पालक खरं तर बीटच्या कुळातला आहे. त्याचं एक खडबडीत बी म्हणजे दोन-तीन बियांचा गुच्छ असतो, म्हणून एका ठिकाणी टाकलेल्या एका दाण्यातून दाटीवाटीने दोन-तीन रोपं येतात आणि ती विरळणीची वाट बघतात. या सगळ्या गच्चीवर आल्या, राहिल्या, जेवणात गेल्या. कोथिंबीर आली आणि मला कामाला लावलं.

तिची सुरुवात धण्यापासून. आपण ज्याला धणा म्हणतो ते बी नाही, ते फळ आहे. त्याच्या दोन फाका असतात आणि प्रत्येक फाकेत एक बी. हातात घेऊन नीट पाहिलं तर मधली शिवण दिसते, आणि दोन्ही बाजूंना उभ्या बारीक कंगोऱ्यांच्या रेषा. बोटांनी रगडून तो फोडला की दोन अर्ध्या होड्या हातात येतात, आतून खोलगट, फिक्या, जवळजवळ वजनाशिवाय. अख्खा धणा मातीत टाकला तर पाण्याला त्या कवचातून आत शिरायला वेळ लागतो, आणि आत शिरलंच तर दोन रोपं एकमेकांच्या अंगावर उगवतात. म्हणून शेतकरी धणे रगडून पेरतात.

हे मला सांगितलं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी. त्या पुरंदरकडच्या, घरी अजून शेती आहे. "ताई, धनं साबूत टाकलं व्हय? आधी रगडा की. फरशीवर पसरायचं, वर चप्पल फिरवायची. लई जोर न्हाई लावायचा, पीठ व्हईल. मग रातभर भिजत घालायचं, सकाळी फडक्यात बांधून ठिवायचं." आणि मग, मी निघता निघता, "अन् उचलून दुसरीकडं लावायची न्हाई बरं का तिला. जितं उगवली तितंच राहू द्यायची."

वाण्याकडचे धणेही धणेच, पण त्यांचा प्रवास वेगळ्या कामासाठी झालेला असतो. त्यातले कितीतरी राजस्थानातल्या कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीतून किंवा मध्य प्रदेशातल्या कुंभराजकडून येतात. व्यापारात त्यांच्या बदामी, ईगल, स्कूटर अशा प्रती लागतात. रंग, आकार, फुटीचं प्रमाण यांवर भाव ठरतो. ते मसाल्यासाठी घेतलेलं पीक. त्यात पानापेक्षा दाण्याला महत्त्व, म्हणून फुलोऱ्याकडे लवकर वळणारं. गोदामात किती काळ राहिले, किती तापले, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. पानांसाठी वेगळे वाण निघालेले आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण कस्तुरी त्यातलीच. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पेरले की फरक पहिल्याच महिन्यात दिसतो. मसाल्याच्या धण्यातून आलेली रोपं चार पानांवर असतानाच मधला दांडा उंच करायला लागतात. पानांसाठीचा वाण जमिनीलगत बसून राहतो आणि बुडातून पान फुटत जातं.

पेरल्यानंतर कोथिंबीर गप्प बसते. मेथीने सवय लावलेल्या माणसाला ती शांतता झेपत नाही. भिजवलेले, रगडलेले धणेसुद्धा आठ-दहा दिवस घेतात, अख्खे पंधरा दिवसांच्याही पुढे जातात. या दिवसांत मातीचा वरचा थर सुकता कामा नये आणि चिखलही होता कामा नये. गच्चीवरच्या वाऱ्यात वरचा अर्धा इंच दुपारपर्यंत कोरडा होतो. त्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, रोज उचलून बघायचं, आणि पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटाच्या विणीत अडकतात आणि ते उचलताना माना तुटतात.

माती तापलेली असेल तर कोथिंबीर बाहेरच येत नाही. मातीचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की तिची उगवण कमी कमी होत जाते. शेतात जमीन खोल असते, वरचा थर तापला तरी खाली गारवा टिकतो. गच्चीवर मी ती मातीने भरलेल्या क्रेटमध्ये लावते; त्या क्रेटला चारही बाजूंनी ऊन लागतं आणि खालून स्लॅब तापतो. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीजवळ असतो तेव्हा त्या स्लॅबची धग रात्री उशिरापर्यंत पायाला लागते. तिथे कोथिंबिरीला उगवायला सांगणं म्हणजे तिच्या सगळ्या जातधर्माविरुद्ध जाणं आहे. आपल्याकडची ती मुळात थंडीची बाई. रब्बीत, सकाळी दव असताना, मऊ उन्हात तिला जे सुचतं ते तिला मे महिन्यात सुचत नाही. बाजारात ती बारा महिने दिसते, त्यामागे शेडनेट, ठिबक आणि उन्हाळ्यात तिच्यासाठी जीव टाकणारा शेतकरी असतो. जुडी हातात घेताना ते दिसत नाही.

उगवली की पहिली दोन पानं लांबट, अरुंद, कडांना एकही दात नसलेली. ज्याने तिला फक्त जुडीत पाहिलं आहे तो ओळखणारही नाही. त्यात वासही जेमतेम. आठवड्याने त्या दोहोंच्या मधून बारीक देठावर एक गोलसर पान वर येतं, तीन ठिकाणी कातरलेलं, आणि तिथे ती पहिल्यांदा कोथिंबीर दिसते. हे पान चुरगळलं की ओळखीचा वास येतो. मी प्रत्येक वेळी एक पान चुरगळून पाहते. एवढ्याशा जिवात तो वास पूर्ण उतरलेला असतो, पातळ नसतो, अर्धवट नसतो.

याच वयात ती सगळ्यात जास्त मरते. पावसाळी हवा, दाट पेरणी आणि ओली माती एकत्र आली की मर लागते. संध्याकाळी ताठ असलेली रोपं सकाळी आडवी पडलेली असतात, हिरवीच, पान न सुकलेली. एखादं उचलून पाहिलं तर मातीला टेकलेल्या जागी देठ दोऱ्याइतका बारीक झालेला, पाण्याने भिजल्याप्रमाणे काळपट. मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशीसारख्या जिवांचं हे काम. एका कोपऱ्यात सुरू होतं आणि वर्तुळ मोठं करत क्रेटभर जातं. शेतकरी यासाठी पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात आणि वाफा गादीसारखा उंच करतात, म्हणजे पाणी साचत नाही. गच्चीवर उपाय तोच, छोट्या मापात: क्रेटच्या तळाला निचरा, मातीत वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत, ओळीत मोकळी पेरणी, आणि पाणी सकाळीच. जून-जुलैतल्या झडीत मात्र हे सगळं करूनही ती जाते. छपराखाली घेतली तर उजेड कमी पडतो, मग देठ लांबतात, पान फिकं पडतं आणि ती आपल्याच वजनाने कलते. सततच्या पावसात कोथिंबिरीची बाजू घेणारं कोणी नाही. त्या महिन्यांत तिचा भाव का चढतो, हे ती आडवी झालेली रोपं पाहिल्यावर मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

उचलून दुसरीकडे लावायची नाही, असं मावशी म्हणाल्या त्याचं कारण मातीखाली आहे. वर बोटभर रोप असतं तेव्हाच खाली त्याहून लांब एक सरळ मूळ गेलेलं असतं, पांढरं, नाजूक, जवळजवळ फाटे नसलेलं. वांग्याचं, मिरचीचं रोप उपटून लावलं तर दोन दिवस मलूल राहतं आणि नव्या मुळ्या सोडतं. कोथिंबीर तेवढा वेळ थांबत नाही. तिचं मूळ दुखावलं की ती ठरवून टाकते की दिवस थोडे उरले आहेत, आणि पानं सोडून फुलाच्या मागे लागते. विरळणी करतानाही शेजारचं रोप उपटण्यापेक्षा कात्रीने मातीलगत कापलेलं बरं. कापलेली कोवळी रोपं कोशिंबिरीत जातात. आणि ते मूळ कधी हाती आलंच, तर फेकू नये. पानाचा वास उडून जाणारा आहे, मुळाचा खोल आणि टिकणारा. थायलंडचे स्वयंपाकी ते मूळ लसूण-मिऱ्याबरोबर वाटून रश्शाचा पाया करतात. आपण जुडी निवडताना ते पहिल्यांदा तोडतो.

मग येतात तिचे चांगले दिवस. डिसेंबरचा मधला भाग, सकाळी गच्चीवर शाल लागते, दहानंतर ऊन अंगावर बरं वाटतं. तेव्हा कोथिंबीर कोणाचंही काही मागत नाही. पान रुंद, गडद, किंचित चकाकणारं; देठ रसाळ; बुडाशी फिकट जांभळी झाक. बाहेरची पानं देठासकट काढली की आतून नवी येतात. बाजारातल्या जुडीला पाणी मारून, बांधून, गाडीत घालून, पुन्हा पाणी मारून आणलेलं असतं, तिचा वास वरवरचा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा काळ्या पडतात. गच्चीवरून आणलेली चार पानं आमटीवर टाकली की घरात जो वास फिरतो, त्याने दुसऱ्या खोलीतला माणूस जेवायला उठतो. मी हे प्रेमाने सांगते आहे आणि त्यात काही वाढवलेलं नाही. ज्या पदार्थांत आपण तिला शोभेसाठी घालतो असं वाटतं, त्यांत ती चव म्हणून किती आहे हे ती ताजी असतानाच कळतं.

हे दिवस टिकत नाहीत. पुण्यात डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, जूनपर्यंत तो १३ तासांच्या वर जातो. माणसाच्या ध्यानात न येणारी ही वाढ कोथिंबीर टिपून ठेवते. जानेवारी संपता संपता उन्हात थोडी धार येते, फेब्रुवारीत दुपार तापू लागते, आणि एका सकाळी दिसतं की मधलं नवीन पान वेगळं आहे. रुंद नाही. बारीक चिरलेलं, शेपूच्या जवळ जाणारं. हा निरोप आहे. यानंतर मधून दांडा उठतो, दिवसागणिक वर चढतो, त्याला पेरं येतात, प्रत्येक पेरावर आणखी बारीक पान. रुंद पानं खालून पिवळी पडायला लागतात. त्यांची चवही उग्र होते.

इथे घरची बागवाली मंडळी तिच्याशी भांडायला लागतात. दांडा खुडला तर ती बाजूने दोन काढते. ते खुडले तर आणखी खालून. पाणी वाढवलं, सावलीत नेली, खत दिलं, तर आठवडाभर तिला उशीर होतो, विचार बदलत नाही. मला या भांडणात कोथिंबिरीचीच बाजू पटते. पान हा तिच्या आयुष्याचा एक टप्पा आहे आणि आपल्याला तेवढाच हवा असतो. तिचं काम दुसरंच आहे. उन्हाळा येण्याआधी धणे पिकवून मोकळं व्हायचं, म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत कवचाच्या आत सुरक्षित राहता येईल. ऊन वाढतंय, दिवस मोठा होतोय, म्हणजे आता वेळ नाही. त्या हिशेबात आपली आमटी कुठेच नाही. पालेभाजी पिकवायची म्हणजे एका घाईत असलेल्या जिवाला त्याच्या वाटेवर थोडा वेळ थांबवून ठेवणं, आणि थंडी हा एकच त्याला मान्य असणारा आग्रह आहे. म्हणून थंडीत दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरत राहायची, म्हणजे एक मोठी झाली तरी दुसरी लहान असते. आणि जी निघाली तिला जाऊ द्यायचं.

जाऊ दिली की जे दिसतं ते जुडी विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. कमरेच्या खाली येईल एवढी उंची, बारीक फांद्यांचा हलका पसारा, आणि टोकांना पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. एका छत्रीत पाच-सहा लहान छत्र्या, प्रत्येकीत बारीक फुलं. जवळ डोळा नेला तर आणखी एक गोष्ट दिसते. कडेच्या फुलांच्या पाकळ्या सारख्या नाहीत. बाहेरच्या बाजूची पाकळी मोठी, मधोमध दुभंगलेली; आतल्या बाजूची लहान, आखडती. आतल्या फुलांच्या पाकळ्या सगळ्याच लहान. म्हणजे फुलं वेगवेगळी असली तरी सगळी मिळून बाहेरून एकच मोठं फूल दिसावं, अशी त्यांची वाटणी झालेली असते. रंग पांढरा म्हणावा तर कडेला गुलाबी सावट, आणि परागकोश जांभळट.

या फुलांवर जी वर्दळ सुरू होते तिने गच्चीच बदलते. छोट्या फुलोरी मधमाश्या सकाळी नऊच्या सुमारास येतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माश्या हवेत एका जागी तरंगतात, पुढे सरकतात, पुन्हा तरंगतात. त्यांच्या अळ्या मावा खातात. दांड्यावर मावाही येतो, हिरवा, दाटीने बसणारा, आणि त्यामागोमाग लाल ढालकिडे. वांग्याच्या शेताच्या कडेला कोथिंबीर किंवा बडीशेप लावण्याची शिफारस केली जाते ती याच पाहुण्यांसाठी. आमच्या गच्चीवर शेजारच्या कुंडीतल्या मिरचीवर मावा होता. मी औषध आणायच्या विचारात होते. कोथिंबीर फुलल्यावर आठवड्याभरात मिरचीच्या पानांखाली सिरफिडच्या चपट्या अळ्या दिसल्या, आणि नंतर मावा शोधावा लागला. पानं देणं थांबवल्यानंतर ती इतरांच्या उपयोगी पडत होती.

फुलांमागून धणे. आधी हिरवे, गुळगुळीत, टणक. एक तोंडात टाकून चावला तर आधी पानाची उग्र चव येते आणि लगेच मागून लिंबाच्या सालीची, संत्र्याच्या जवळ जाणारी गोडसर चव. पानाचा वास ज्या अल्डिहाइड द्रव्यांमुळे येतो ती कच्च्या फळातही असतात, आणि एका प्रकारच्या ढेकणाच्या वासाशी त्यांचं नातं आहे. म्हणून काही लोकांना हिरव्या कोथिंबिरीचा वास सहन होत नाही. धणा पिकत जातो तशी ती कमी होतात आणि लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य वाढतं. एकाच झाडाचे दोन वास, आणि हिरवा धणा हा त्या दोहोंच्या मधला मुक्काम. तो बाजारात मिळत नाही, टिकतही नाही. हिरवे धणे, हिरवी मिरची, लसणीची एक पाकळी आणि मीठ, एवढं खलबत्त्यात ओबडधोबड कुटून गरम भाकरीबरोबर खावं. ज्याने कोथिंबीर फुलू दिली त्यालाच ही चटणी मिळते.

पिकलेले धणे टिकतात, आणि किती टिकतात याला मर्यादा नाही म्हणावं असं आहे. इजिप्तमधल्या तुतनखामेनच्या थडग्यात, जे १९२२ मध्ये उघडलं गेलं, धणे सापडले. राजाच्या पुढच्या प्रवासासाठी सोनं ठेवलं, रथ ठेवले आणि धणेही ठेवले. तीन हजारांहून अधिक वर्षांनंतरही ते धणे आहेत हे ओळखू येत होतं. पानांच्या रूपात ज्या कोथिंबिरीला एक रात्र काढता येत नाही, तीच कवचाच्या आत शिरल्यावर इतकी निवांत होते.

गच्चीवरचे धणे मार्चअखेरीस तपकिरी होतात. सगळे एकदम पिकत नाहीत. वरच्या छत्रीतले आधी, बाजूच्यांचे मागाहून. उशीर केला तर वाऱ्याने गळतात, म्हणून छत्र्या दांड्यासकट कापून कागदी पिशवीत उलट्या टांगायच्या आणि सावलीत वाळवायच्या. वाण्याच्या धण्यांपुढे ते लहान आणि वेडेवाकडे दिसतात. तव्यावर टाकले की फरक कळतो. पहिल्याच मिनिटाला वास उठतो. थोडे गोड्या मसाल्याला जातात. उरलेले, सगळ्यात भरीव निवडून, काचेच्या बरणीत पेरणीसाठी राहतात. ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यावर ते रगडून टाकले तर बाजारच्या बियाण्यापेक्षा लवकर आणि एकसारखे उगवतात. ते गोदामातले नसतात, एवढं एक कारण त्याला पुरेसं आहे.

आत्ता गच्चीवर तीन क्रेट आहेत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेल्या पहिल्या क्रेटमध्ये दोन लांबट पानांवर आलेली रोपं, त्यांना पाणी झारीने. मधल्यात खायची कोथिंबीर; ज्याला पोहे करायचे असतील त्याने बाहेरची पानं काढावीत, मधला कोंब सोडावा. कठड्याजवळच्या तिसऱ्या क्रेटमधली फुलांवर आहे. धणे पक्के होईपर्यंत त्या क्रेटला कात्री लावायची नाही, हे घरात आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही सांगून ठेवलं आहे.